पपांनी उलटी वाचलेली पुस्तकं

आमच्या घरात माझ्याएवढं हट्टी कोणी नाही, असं आई म्हणायची. पपा तेव्हा जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, बसून विडी ओढत असायचे. ते म्हणायचे, "कोणाची चली ती?" मुलगी कोणाची, म्हणजे त्यांचीच. तेवढ्यापुरतं घरात हसू व्हायचं. हे सगळं खाणी चालू होत्या तेव्हाचं. पुढे मी पपांशी अकरा वर्षं असं वागले की, हट्टी हा शब्द आईने फारच लाडात वापरला होता हे माझं मलाच कळलं.

पपा टिप्पर चालवायचे. सुर्लाच्या खाणीवरून माती भरायची, ताडपत्री घालून दोरी आवळायची आणि जेटीवर नेऊन ओतायची. दिवसभर तेच. माणूस पहिल्यापासून तापटच. जेवणात मीठ कमी असलं तर ताट सरकवायचा, रस्त्यात कोणी आडवा आला तर त्याच्या सात पिढ्या काढायचा. पण तो ताप चुलीच्या धगीसारखा, यायचा आणि जायचा. आम्हाला त्याची सवय होती. मग खाणी बंद पडल्या, टिप्पर काजूच्या झाडाखाली उभा राहिला, त्याच्या चाकांतून गवत वर आलं आणि पपांचा ताप जायचा बंद झाला.

एके दिवशी दुपारी आई एवढंच म्हणाली, "तुयेला कारखान्यात वॉचमन पाहिजे म्हणतात, विचारून तरी बघा." ती ओसरीत कपडे वाळत घालत होती. ओसरीला आडवी वेळूची दांडी टांगलेली असायची. पपा उठले, दांडी खेचून काढली, तिच्यावरचे ओले कपडे जमिनीवर पडले आणि त्यांनी दांडी आईच्या हातावर घातली. एकदाच. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी दारात बाल्दी घेऊन उभी होते, वीस वर्षांची घोडी, आणि बाल्दी खालीसुद्धा ठेवली नाही.

डॉक्टरांना आईने सांगितलं, बावीजवळ, विहिरीपाशी, पाय घसरला. मी तिथेच होते. मी काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून पपांना हाक मारायची बंद केली. बोलणं पूर्ण सोडलं असं नव्हे, तेवढं घरात राहून जमत नाही. "जेवण वाढलंय." "बाहेर कोणी आलंय." असं भिंतीला सांगितल्यासारखं बोलायचं. फार निकडीचं असलं तर आत्याला मध्ये घालायचं. आत्या म्हणजे पपांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडेच असते. "आत्या, त्यांना सांग औषध संपलंय." ते समोर बसलेले असायचे. आत्या बिचारी मान वळवून सांगायची, "औषद सोंपलां म्हणता ती." ते म्हणायचे, "आयकलें." असा आमचा संसार.

मला वाटलं होतं, आई माझ्या बाजूने आहे. ती तर त्याच हाताने, मनगट वाकडं बसलेलं, त्याच दांडीवर पुन्हा कपडे घालायला लागली. चार वर्षांपूर्वी पोटाच्या दुखण्याने गेली. जायच्या आधी मला म्हणाली, "हाक मार गो त्याला. तोंड झिजणार नाही तुझं." मी म्हटलं, बघू. आईला मरताना बघू म्हणणारी मुलगी आहे मी. लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते.

तुयेच्या त्याच औद्योगिक वसाहतीत, जिथे पपा वॉचमन झाले नाहीत, तिथे मी औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. भाड्याची खोली, जोडीला कोल्हापूरकडची एक मुलगी. पहिल्या पगारानंतर म्हापशाला गेले होते, तिथे एका दुकानात जपानी चित्रकथेचा पहिला भाग दिसला. इंग्रजीतला. मुखपृष्ठावर एक दांडगा माणूस, डावा कान अर्धा तुटलेला, हातात भाला, आणि चेहऱ्यावर असा राग की, हा तर आमच्याच घरातला, असं मला वाटलं. घेतला. मग भागामागून भाग घेत गेले, बावीस झाले. खोलीतली मुलगी म्हणायची, "काय गं बाई, तिशी गाठलीस आणि कार्टुनं वाचतीस व्हय?" मी म्हणायचे, तू तुझ्या सिरियली बघ.

हा दांडगा पोटासाठी माणसं मारतो. पहिल्या भागात तो एका म्हातारीचं घर पेटवतो, पैसे घेतलेत म्हणून. जखमी सोबत्याला नदीच्या काठावर टाकून जातो. कोणी काही विचारलं तर थुंकतो. मला तो मुळीच आवडला नाही, पण सोडवेना. मग हळूहळू काहीतरी व्हायला लागतं. नवव्या भागात तो तहानेने मरायला टेकलेला असताना तीच म्हातारी त्याला पाणी देते. तो पाणी पितो आणि तिथेच बसून राहतो, तीन पानं नुसता बसलेला, एक अक्षर नाही. मग उठून तिचं छप्पर शाकारायला लागतो. अठराव्या भागात एका जुन्या वैऱ्यापाशी जाऊन चुकलो म्हणतो. वैरी क्षमा वगैरे करत नाही, तोंडावर थुंकतो. दांडगा तोंड पुसतो आणि त्याच्या घरची घागर भरून आणतो. चेहरा शेवटपर्यंत तसाच, आवाजही खरखरीत असावा असं वाटतं. फक्त बोलायच्या आधी तो थांबायला लागतो. चित्रकारही त्याच्या भुवयांवर पूर्वी जी काळी शाई ओतायचा, ती कमी करत जातो. आणि बाविसाव्या भागाच्या शेवटी त्या भाल्याचं पातं काढलेलं असतं आणि म्हातारीच्या अंगणात त्याच भाल्यावर धुतलेले कपडे वाळत असतात.

ते पान मी कितीदा पाहिलं असेल. खरं सांगते, त्यात आमची दांडी आहे हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नाही. मला एवढंच दिसायचं की, हा सुधारला आणि आमचा मात्र जनेलाशी बसून खोकतोय.

कारण पपांना खोकला लागला होता. फुफ्फुसं गेली होती. इतकी वर्षं धूळ खाल्ली, विड्या ओढल्या, कशाने किती गेली कोण सांगणार. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकाला नळी लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की, आता वर्ष निघालं तर निघालं. मी दर रविवारी तुयेहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, डिचोलीहून सुर्ला अशा तीन बसगाड्या बदलून जायचे आणि संध्याकाळच्या बसने परत यायचे. सेवा करायचे. कपडे धुवायचे, पाठ चोळून द्यायचे. हाक नाही.

तेवढ्यात तुयेची खोली बदलावी लागली. नवीन खोलीला ओल. पुस्तकं खराब होतील म्हणून मी ती खोक्यात भरून सुर्लाला आणून ठेवली. पहिला भाग तळाला गेला, बाविसावा वर राहिला. कपाटातून काढून ओळीने घालत गेले की तसंच होतं, त्यात काही विचार नव्हता.

त्याच्या पुढच्या कुठल्यातरी रविवारी गेले तर पपा खुर्चीत आणि मांडीवर माझं पुस्तक. इंग्रजी त्यांना येत नाही. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पेपर मात्र रोज अख्खा वाचायचा. आता पेपरातली बारीक अक्षरं दिसत नव्हती, म्हणून चित्रं बघत बसले होते. मला आधी रागच आला, न विचारता माझ्या वस्तूंना हात का लावला म्हणून. आत्याकडे बघून म्हणायला गेले, तेवढ्यात तेच म्हणाले.

"बाय, हो माणूस आदी कितलो बरो आसलो गो. मागीर असो कित्याक जालो?"

मला कळेना, आधी बरा आणि नंतर वाईट कसा? मग बघते तर त्यांनी पुस्तक आपल्या बाजूने उघडलं होतं, मराठी पुस्तक उघडतो तसं. ही जपानी पुस्तकं आपल्या उलट असतात. आपलं जिथे मलपृष्ठ तिथे त्यांची सुरुवात, आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे. पपांनी खोक्यातलं वरचं पुस्तक घेतलं, म्हणजे बाविसावं, आणि ते मागून पुढे पाहिलं. मग एकविसावं, तेही तसंच. आठवडाभरात पार पहिल्यापर्यंत गेले होते. अख्खी गोष्ट त्यांनी शेवटापासून सुरुवातीपर्यंत पाहिली होती.

त्यांच्या गोष्टीत एक शांत माणूस होता, कपडे वाळत घालणारा. मग त्याने एक दिवस ती कपड्यांची दांडी उतरवली, तिला टोक लावलं आणि घराबाहेर पडला. छप्पर शाकारलेलं होतं ते उसकटलं. म्हातारीने पाणी दिलं आणि नंतर त्याने तिचंच घर जाळलं.

"जिणें उदक दिलें, तिचेंच घर लायलें," पपा म्हणाले. "कपड्यांची दांडी घेवन माणसां मारूंक गेलो." आणि ओसरीकडे बघत राहिले. दांडी तिथेच होती, माझ्याच हातच्या धुतलेल्या चादरी तिच्यावर होत्या.

तेव्हा कुठे मला ते दिसलं. इतकी वर्षं ते पान उघडून बसलेली मी शहाणी, मला दिसलं नाही आणि एक अक्षर न वाचता यांना दिसलं.

एक वाक्य पुरे होतं. उलटं वाचलंय, खरी गोष्ट सुधारण्याची आहे, असं म्हणाले असते तर माझं काय गेलं असतं? पण मला आत कुठेतरी बरं वाटलं. बसू दे बघत, म्हटलं. मी भिंतीला सांगितलं, "असतात काही माणसं तशी." आणि आत जाऊन भात टाकला.

पुढचे दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या खेपेला आत्याने मला बावीवर गाठलं. म्हणाली, "जेवत नाही तो. पाववाला पोदेर उंडे देऊन जातो, ते तसेच राहतात. ओसरीकडे बघून बसतो दिवसभर. काय आहे गो त्या पुस्तकांत? जाळून टाकू का?" आत्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मला माझीच शिसारी आली. मरणाच्या दारातल्या माणसाला मी चित्रांनी मारत होते.

आत गेले. पहिला भाग काढला, त्यांच्या मांडीवर ठेवला आणि उजवीकडून उघडला. म्हटलं, "हे इथून वाचायचं असतं. आधी हा वाईट असतो. मग बरा होतो."

पपा बघतच राहिले. मग असे संतापले की नळी निघाली. "आनी तूं इतले दीस गप्प? माका हांगा जीव जाता आनी तूं..." पुढे खोकला आला. खोकला संपल्यावर मात्र हसले. मी त्यांना किती वर्षांनी हसताना पाहिलं देव जाणे. म्हणाले, "म्हज्यापरस वायट तूं." त्यांच्यापेक्षाही वाईट. मग पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, "वाच. पयल्यासून वाच."

तेव्हापासून दर रविवारी एक भाग. मी शेजारी स्टूल घेऊन बसायचे, इंग्रजी वाचून मराठीत सांगायचे, पान मी उलटायचे. पपा मध्ये मध्ये बोलायचे. दांडग्याने सोबत्याला नदीकाठी टाकलं तेव्हा म्हणाले, "हांवूंय तसोच गेलों आसतों." पाचव्या भागात एक गाडीवान दोरी बांधतो, ते चित्र बघून म्हणाले, "ही गांठ चुकीची काडल्या. असली गांठ रस्त्याच्या वळणार सुटतली." मला हसू आलं. त्यांच्यासमोर, उघड हसले मी.

आणि मनात मी एक ठरवून टाकलं. बाविसावा भाग संपेल त्या दिवशी पपा म्हणायचं. तोवर नाही. दांडगा भाल्याची दांडी करील, हे ते बघतील, आईच्या मनगटाबद्दल एक शब्द तोंडातून काढतील आणि मग मी हाक मारीन. मला तो सौदा अगदी न्यायाचा वाटत होता. बावीस रविवार म्हणजे पाचेक महिने. डॉक्टरांनी वर्ष म्हटलं होतं. हिशेब बसत होता, माझ्या मते.

नवव्या भागाला म्हातारीचं पाणी आलं. ती तीन मुकी पानं आली. मी उलटायला गेले तर पपांनी माझ्या हातावर हात ठेवला. "राव," म्हणाले, म्हणजे थांब.

मग विचारलं, "ती वळखता त्याला?"

मी म्हटलं, तसं लिहिलेलं नाही.

"वळखता ती," पपा म्हणाले. "वळखून दिता." थोडा दम घेतला. बोलायच्या आधी ते थांबले, हे माझ्या लक्षात आलं. "तुज्या आयन त्याच दिसा माका जेवण वाडलें. दाव्या हाताक प्लास्टर आनी उजव्या हातान वाडलें. मीठ बराबर आसलें. हांव जेवलों गो. खंयच्या तोंडान जेवलों, देवाक खबर."

हेच मला ऐकायचं होतं. अकरा वर्षं याच्यासाठी तोंड शिवून बसले होते. शब्द घशापर्यंत आला होता, हे मी आज शपथेवर सांगू शकते. पण इतक्या सहज? अजून तेरा भाग बाकी होते. आणि मला रागही आला की, ज्याला जेवणातलं मीठसुद्धा आठवतं, तो आई जिवंत असताना का बोलला नाही. मी पान उलटलं. छप्पर शाकारण्याचं चित्र आलं. भाग संपला तेव्हा म्हटलं, "पुढच्या रविवारी दहावा." आणि बस पकडायला गेले.

दहाव्या रविवारी फाटकातून आत शिरले तर ओसरी उघडीबोडकी. दांडी नव्हती. तिच्या जागी या खांबापासून त्या खांबापर्यंत निळी नायलॉनची दोरी ताणून बांधलेली. बांधणी मी लांबूनच ओळखली. टिप्परच्या ताडपत्रीला पपा मारायचे तीच गाठ, दोन वेढे आणि खालून आत घेतलेलं टोक. लहानपणी मी खाली उभी राहून बघायचे, भरलेल्या गाडीवर ते चढायचे आणि जेटीवर गेल्यावर एका झटक्यात ती सोडायचे. कुठलं टोक ओढायचं ते त्यांनाच माहीत.

आत्या म्हणाली, दोन दिवस लागले त्याला. नळी काढून पायरीवर बसायचा, कोयत्याने दांडीचे तुकडे करायचा, चार घाव घालून पुन्हा नळी लावायचा. मला हात लावू दिला नाही. तुकडे न्हाणीच्या चुलीत घातले. दोरी शेजाऱ्याकडून मागून आणवली, स्टुलावर चढून स्वतः बांधली. "बाय आयतारा कपडे धुतली, तिका जाय," म्हणाला, रविवारी तू कपडे धुशील तेव्हा तुला लागेल म्हणून.

मी आत गेले. पपा खुर्चीत, ओठ निळे पडलेले, पण डोळे माझ्याकडे. मी काय म्हणते ते बघत होते. लहान मूल शाळेतून पाटी आणून दाखवतं आणि तोंडाकडे बघतं, तसे.

"दोरी घट आसा मगो?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

एवढंच. आहे. मला सगळं कळलं होतं. दांडग्याला जिथे पोचायला बावीस भाग लागले, तिथे हा माणूस नवव्याच भागात पोचला होता, तेही फुफ्फुसं नसताना. आणि मी स्टूल ओढून बसले आणि दहावा भाग उघडला. अजून बारा रविवार आहेत, म्हटलं. होईल. त्या दिवशी मी वाचत होते आणि ते चित्रं सोडून माझ्याकडे बघत होते. निघताना मी पायताण घालत होते तेव्हा म्हणाले, "सांबाळून वच, बाय." मी मान हलवली.

बुधवारी सकाळी पॅकिंगच्या पट्ट्यावर असताना आत्याचा फोन आला. पोचले तोवर त्यांना खाली घेतलं होतं. नाकाची नळी काढली होती, तिचा वळ गालावर तसाच होता. सगळे म्हणाले, तोंडात पाणी घाल. घातलं. सगळे म्हणाले, रड, मोकळी हो. रडूही आलं. पण त्या कलकलाटात, मेलेल्या माणसाच्या कानात पपा म्हणायची मला लाज वाटली. जिवंत असताना ठेवून दिलेली वस्तू आता कोणाला दाखवायची?

स्मशानातून सगळे परत आले, आंघोळी झाल्या. घरात माणसं, धुवायचे कपडे ढीगभर. दुसऱ्या दिवशी मीच बावीवर बसून सगळे धुतले. त्यांची चादर, त्यांचे दोन लेंगे, आत्याचं लुगडं, चुलतभावाचं धोतर. आणून निळ्या दोरीवर घातले. ओझ्याने दोरी मध्ये खाली आली, चादरीची कड जमिनीला लागून लाल व्हायला लागली. दोरी सोडून पुन्हा ताणायला हवी होती.

गाठीला हात घातला. सुटेना. हे टोक ओढलं, ते ओढलं. नख मोडलं, दातांनी ओढून बघितली. जेवढं ओढावं तेवढी ती आवळत होती. पदर ओला, हात साबणाने बुळबुळीत, चादर मातीत चाललेली. मी वैतागले आणि तशीच, मान न वळवता, आतल्या खुर्चीच्या दिशेने ओरडले, "पपा, ही गाठ कुठून सोडवायची?"

स्वयंपाकघरात आत्याच्या हातातली भांडी थांबली. मी दोरी धरून उभी होते. मग मी पुन्हा हाक मारली.